घरांतील वीज : लुकलुकणारा दिवा

समईची ज्योत थरथरूं लागली म्हणजे घरांतील एखादी वृद्ध स्त्री हातांतील काम न सोडतां तिचें कारण सांगत असे. तेल सरत आलें असेल, वातीवर काजळी धरली असेल, नाहीं तर कोठली तरी खिडकी उघडी राहिली असेल. हीं तीन कारणें आणि त्यांवरील तीन उपाय सर्व घरास ठाऊक असत. मुलांसहि ते कोणी मुद्दाम शिकवावे लागत नसत. आज त्याच घरांत विजेचा एलईडी दिवा लुकलुकूं लागला, कीं चांगलीं शिकलेलीं माणसेंहि एकमेकांकडे पाहतात, कोणी तरी दिव्यास हळूच एक टिचकी मारतो, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर दिवा काढून कचऱ्याच्या पेटींत टाकला जातो. नवा दिवा येतो. कधीं तो नीट जळतो. कधीं तोहि आठ दिवसांत लुकलुकूं लागतो, आणि मग "हल्लींचे दिवेच असले" असा निकाल देऊन सर्व मंडळी मोकळी होतात.

हा निकाल पुष्कळदां बरोबर असतो. लुकलुकणाऱ्या दिव्यांपैकीं बहुतेकांचा दोष दिव्यांतच असतो. कांहींचा होल्डरांत असतो, आणि अगदीं थोड्यांचा घराच्या तारांत असतो. या शेवटच्या थोड्यांसाठींच आजचा लेख आम्ही लिहीत आहों. कारण अशा प्रसंगीं नुसता दिवा बदलणें म्हणजे घरास आग लागल्याची वर्दी घेऊन आलेल्या माणसास दाराबाहेर घालविण्यासारखें आहे.

प्रथम हा दिवा जात्याच इतका हळवा कां, तें पाहूं. आपल्या घरीं येणारी वीज २३० व्होल्टची असून तिचा प्रवाह एका सेकंदांत ५० वेळां मागेंपुढें फेऱ्या घालतो. प्रत्येक फेरींत त्याचा जोर दोनदां शून्यावर येतो. म्हणजे सेकंदास १०० वेळां दिव्याला क्षणभर कांहींच मिळत नाहीं. जुन्या बल्बाला याचें सोयरसुतक नव्हतें. त्यांतील टंग्स्टनची तार तापून पांढरी झालेली असे, आणि चूल विझली तरी तवा जसा बराच वेळ तापलेला राहतो, तशी ती तार या क्षणिक उपासांतहि उजेड देतच राही. एलईडीपाशीं असा तवा नाहीं. तिचा कण प्रवाह मिळतांच उजळतो व प्रवाह तुटतांच विझतो. म्हणून या दिव्याच्या बुडख्यांत एक छोटीशी चकती बसविलेली असते, तिला ड्रायव्हर म्हणतात. उलटसुलट प्रवाह एकमार्गी करणें आणि त्यांतील खळगे भरून काढणें हीं तिचीं कामें. खळगे भरण्याचें काम कपॅसिटर नांवाचा नळकांड्यासारखा एक भाग करतो. जोर असतां तो वीज सांठवितो आणि जोर ओसरतां ती दिव्यास पुरवितो. नळ गेल्यावर गच्चीवरील टाकी जें काम करते तेंच हें. स्वस्त दिव्यांत ही टाकी लहान असते, व कांहींत तर मुळींच नसते.

या दिव्यांचा प्रसार किती झपाट्यानें झाला, हें आठवणें उद्बोधक आहे. निळा प्रकाश देणाऱ्या एलईडीच्या शोधाबद्दल इसामु आकासाकी, हिरोशि आमानो व शुजि नाकामुरा या तिघांस २०१४ सालीं भौतिकशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच वर्षीं आपल्या देशांतील सरकारी घाऊक खरेदींत एका दिव्यास ३१० रुपये पडत होते. ५ जानेवारी २०१५ रोजीं जी योजना पुढें 'उजाला' या नांवानें ओळखली गेली ती सुरू झाली. खरेदीचा भाव दोनतीन वर्षांतच ४० रुपयांच्या आंत आला, आणि त्या योजनेखालीं ३६ कोटींहून अधिक दिवे देशभर वांटले गेले. दिवा स्वस्त झाला व विजेचें बिल उतरलें हें उत्तमच झालें. मात्र घरें, तारा आणि होल्डर जुनेच राहिले. नव्या दिव्याची जुन्या तारांशीं सोयरीक जमवितांना कुंडली कोणीं पाहिली नाहीं!

असो. दिवा लुकलुकूं लागतांच स्टूल आणण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावा. हा एकटाच लुकलुकतो, कीं त्या खोलींतील सगळे, कीं सबंध घर? यासाठीं मोठ्या माणसांनीं जागचें उठण्याचेंहि कारण नाहीं. मुलांस एकेका खोलींत उभें करावें व काय दिसतें तें ओरडून सांगावयास लावावें. हें काम तीं मोठ्या हौसेनें करतात. या एका प्रश्नाच्या उत्तरानें अर्धा तपास संपतो.

एकटाच दिवा लुकलुकत असेल तर त्याची व दुसऱ्या खोलींतील चांगल्या दिव्याची अदलाबदल करावी. मात्र भिंतीवरील बटन बंद करून थांबूं नये. मेन स्विच बंद करूनच दिव्यास हात घालावा. असें कां, याचें कारण पुढें येईलच. रोग दिव्याबरोबर गेला तर दिवा दोषी. रोग जागेवरच राहिला तर दिवा निर्दोष असून जागा दोषी आहे. हें इतकें सोपें असतांहि दहा घरांत एखादेंच घर तें करून पाहतें, असा आमचा अनुभव आहे. बाकीचीं सरळ दुकानाची वाट धरतात.

जागा दोषी ठरली कीं पहिला संशय होल्डरावर घ्यावा. आपल्याकडील जुना होल्डर म्हणजे दिवा दाबून किंचित् फिरवावयाचा, दोन खांचांचा. त्याच्या पोटांत पितळेचे दोन टोंक स्प्रिंगांवर बसविलेले असतात, व ते दिव्याच्या बुडावरील दोन ठिपक्यांस टेकून त्यांस वीज देतात. ज्या होल्डरांत वर्षानुवर्षें ६० किंवा १०० वॉटचा बल्ब जळला, त्याच्या स्प्रिंगा उष्णतेनें दमलेल्या असतात. टोंकांवर काळी बुरशीसारखी पूट चढलेली असते. बॅकेलाइटचें कवच ठिसूळ झालेलें असतें. जुन्या बल्बाच्या काळीं तो स्पर्श क्षणभर सुटला तरी तापलेली तार ती उणीव झांकून घेई, म्हणून कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. नवा दिवा ती झांकत नाहीं. शिवाय तो वजनानेंहि थोडा जड असल्यामुळें लोंबत्या होल्डरांत अधिकच कलतो. पंख्याच्या वाऱ्यानें किंवा वरच्या मजल्यावर मुलें धांवल्यानें दिवा लुकलुकत असेल तर बहुधा हेंच कारण समजावें.

पुष्कळ घरांत यावर एक उपाय करतात तो येथें मुद्दाम निषेधिला पाहिजे. स्प्रिंगा ढिल्या झाल्या म्हणजे चॉकलेटच्या चांदीच्या कागदाची घडी करून ती दिवा व होल्डर यांमध्यें बसवितात. दिवा लागतो खरा. परंतु ती घडी सरकून दोन्ही टोंकांस एकदम टेकली, तर क्षणांत दोन तारांची गांठ पडते. होल्डर ही अत्यंत स्वल्प किंमतीची वस्तु आहे. तो नवा बसवून घ्यावा. होल्डरापाशीं तडतड असा बारीक आवाज येत असेल, जळक्या बॅकेलाइटचा उग्र दर्प येत असेल, किंवा छताचा तेवढा भाग तपकिरी झाला असेल, तर नवा होल्डर बसेपर्यंत त्या जागीं दिवाच लावूं नये. ढिल्या स्पर्शाच्या ठिकाणीं सूक्ष्म ठिणग्या उडतात, आणि लांकडी तक्तपोशीच्या घरांत त्या कोठें जाऊन थांबतील याचा नेम नसतो.

दिवाच दोषी ठरला, तर त्याचा रोग ओळखणें कठिण नाहीं. लागल्यानंतर पांचदहा मिनिटें नीट जळून विझतो, थोड्या वेळानें आपोआप पेटतो, पुन्हां विझतो, असा प्रकार असेल तर त्याच्या घुमटाखालील पिवळ्या टिकल्यांपैकीं एखादीचा सांधा तुटला आहे असें समजावें. त्या टिकल्या बहुधा एकाच माळेंत ओंवलेल्या असतात. तापल्यावर तो सांधा फांकतो व सगळी माळ अंधारते. निवल्यावर सांधा मिळतो व माळ उजळते. दिवाळींतील माळांचा अनुभव असणाऱ्यांस हें नवें नाहीं. घुमट काढल्यास त्या टिकलीवर काळा ठिपकाहि कित्येकदां दिसतो; तथापि घुमट काढून तिला तारेनें वगळण्याच्या ज्या युक्त्या हल्लीं चित्रफितींतून दाखवितात, त्यांपासून घरांतील कॉलेजांत जाणाऱ्या मुलांस आवरावें. स्वस्त दिव्यांच्या आंतील चकती मेनच्या विजेपासून अलग केलेली नसते, आणि एक टिकली वगळली कीं उरलेल्यांवर भार वाढून त्याहि लवकरच त्याच वाटेनें जातात.

दिवा सतत थरथरत असेल तर कपॅसिटर सुकला असण्याचा संभव अधिक. त्याचा शत्रु उष्णता. एलईडीचा दिवा थंड असतो असा एक समज आहे, तो अर्धाच खरा. त्याचा उजेड थंड असतो, बुडखें चांगलेंच तापतें. म्हणून न्हाणीघरांतील बंद कांचेच्या हंडींत किंवा छतांत पुरलेल्या अरुंद वाटींत लावलेला दिवा उघड्यावरील दिव्याहून लवकर म्हातारा होतो. असा दिवा वर्षाच्या आंत दोनदां गेला तर कंपनीस दूषणें देण्यापूर्वीं त्याला श्वास घ्यावयास जागा आहे कीं नाहीं तें पहावें.

आतां ज्या लुकलुकण्यानें घरांतील मुलें भितात व मोठीं माणसें हंसतात, त्याकडे वळूं. बटन बंद आहे, घर निजलें आहे, आणि माजघरांतील दिवा दर कांहीं सेकंदांनीं क्षणभर चमकून विझतो. कोणी त्याला भुताटकी म्हणतें, कोणी दिव्याचें पिसें म्हणतें. वस्तुतः थेंबथेंब गळणाऱ्या नळाखालीं पुढच्या बाजूस जड असलेलें भांडें ठेवावें, तें भरतांच कलंडावें, रिकामें होऊन सरळ व्हावें व पुन्हां भरूं लागावें, असाच हा खेळ आहे. बटन बंद असतांहि कोठून तरी विजेचा सूक्ष्म पाझर दिव्यापर्यंत पोंचत असतो. कपॅसिटर तो थेंब थेंब सांठवितो. पुरेसा सांठा होतांच ड्रायव्हर जागा होतो, दिवा चमकतो, सांठा संपतो, आणि पुन्हां पहिल्यापासून आरंभ होतो. जुन्या ६० वॉटच्या बल्बास असल्या पाझरानें जागसुद्धां आली नसती.

हा पाझर कोठून येतो, हा खरा प्रश्न. बटनावर अंधारांत दिसणारा लहान लाल दिवा असेल तर कारण तेथेंच आहे. त्या चिमुकल्या दिव्याचा प्रवाह मोठ्या दिव्यांतूनच जात असतो. यांत भय नाहीं. साधें बटन बसविलें कीं झालें. जिन्यावरील दिव्यास खालून व वरून अशीं दोन बटनें असतात, त्यांच्या तारा लांबवर एकमेकींस लागून गेलेल्या असतात, आणि जिवंत तारेचा प्रभाव शेजारच्या तारेवर न टेकतांच थोडासा पडतो. हेंहि निरुपद्रवी आहे. तिसरें कारण मात्र निरुपद्रवी नाहीं.

दिव्याकडे दोन तारा जातात. एक फेज, जींत विजेचा दाब असतो. दुसरी न्यूट्रल, ती परतीची. बटन नेहमीं फेजच्या तारेंत असलें पाहिजे, म्हणजे तें बंद करतांच होल्डरापर्यंतची वाट निर्जीव होते. तें चुकून न्यूट्रलच्या तारेंत बसलें तरीहि दिवा बटनानें लागतो आणि बटनानेंच विझतो! म्हणून वर्षानुवर्षें कोणास शंकाहि येत नाहीं. परंतु बटन बंद केल्यावरहि होल्डरांत २३० व्होल्टचा दाब तसाच उभा असतो. जुना बल्ब हें कधींच सांगूं शकला नाहीं. एलईडीचा दिवा हें सांगूं शकतो, व तें तो रात्रीं लुकलुकून सांगतो.

गेल्या वर्षीं एका वाचकभगिनीचें आम्हांस पत्र आलें. गांव व नांव सांगण्याचें कारण नाहीं. चौदा माणसांचें एकत्र कुटुंब, आजेसासऱ्यांच्या हातचें घर. त्यांच्या माजघरांतील दिवा वर्षभर रात्रींचा चमकत असे. थोरल्या दिरांनीं दोनदां दिवा बदलला, तरी तेंच. तिसऱ्या वेळीं निराळ्या कंपनीचा दिवा आणला, तो चमकेना. तेव्हां प्रश्न सुटला असें मानून सर्वांनीं तो विषय सोडला. दिवाळीच्या साफसफाईंत धाकटी जाऊ स्टुलावर चढली, बटन बंद असल्याची खात्री करून तिनें दिवा काढला, आणि ओल्या फडक्यानें होल्डर पुसावयास घेतला. धक्क्यासरशीं ती खालीं फेंकली गेली. स्टूल लांकडी होतें व हात भिंतीस लागलेला नव्हता, म्हणून मनगटावर निभावलें. मागाहून वायरमननें पाहिलें तों घराच्या त्या जुन्या अंगांतील चारहि बटनें न्यूट्रलवर होतीं. कधीं काळीं एका लग्नाच्या निमित्तानें मधली भिंत घालून खोली काढली, त्या वेळीं एकाच रंगाच्या दोन तारांची अदलाबदल झालेली होती. तो जोड कोणीं दिला, हें आतां घरांत कोणासहि आठवत नाहीं. "तो दिवा आपल्याला वर्षभर सांगत होता, असें सासूबाई आतां उठतांबसतां म्हणतात," असें त्या भगिनीनें लिहिलें आहे.

तिसऱ्या दिव्यानें काय केलें, हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. त्याची रचना वेगळी होती, एवढ्याशा पाझरानें तो जागा होत नव्हता. दोष होता तेथेंच राहिला. अशा दिव्याशेजारीं बसविण्याचा एक छोटा कपॅसिटरहि बाजारांत मिळतो. तो लावला कीं चमकणें थांबतें. पहिल्या दोन कारणांत तो अवश्य लावावा. तिसऱ्या कारणाची शंका असेल तोंपर्यंत लावूं नये.

म्हणून, बटन बंद असतां दिवा चमकत असेल व बटनावर लाल दिवा नसेल, तर परवानाधारक वायरमनला बोलवावें आणि "दिवा लुकलुकतो" असें मोघम न सांगतां "बटन बंद असतां होल्डरांत फेज येते का, तें पहा" असें स्पष्ट सांगावें. नुसत्या टेस्टरच्या लाल ठिणगीवर विसंबूं नये. शेजारच्या तारेच्या प्रभावानेंहि ती मंदपणें पेटते. त्यानें मीटर लावून पहावें, आणि एकाच नव्हे तर त्या खोलींतील सर्व बटनांची तपासणी करावी. घरांत ३० मिलिअँपियरची आरसीसीबी नसेल तर त्याच खेपेस बसवून घ्यावी. जाणारा व परत येणारा प्रवाह यांत एवढा फरक पडला, म्हणजे कोठें तरी वीज माणसाच्या देहांतून जमिनींत चालली आहे असें समजून ती निमिषांत सगळें बंद करते. चौदा माणसांच्या घरांत या खर्चाविषयीं वाद होऊं नये.

एक दिवा सोडून सबंध घर लुकलुकत असेल तर विचाराची दिशा बदलते. पाण्याचा पंप किंवा फ्रिज सुरू होतांना दिवे पळभर मंदावले तर घाबरण्याचें कारण नाहीं. कोणतीहि मोटर उठतांना नेहमींच्या कित्येक पट प्रवाह ओढते. पण हें मंदावणें महिन्यामहिन्यानें वाढत असेल, किंवा इस्त्री लावतांच सगळें घर मिणमिणत असेल, तर मीटर अथवा मेन स्विचपाशीं एखादा जोड ढिला होऊन तापूं लागला आहे असें धरून चालावें.

याहून वाईट लक्षण म्हणजे कांहीं दिवे मंद होणें व त्याच क्षणीं दुसरे भलतेच तेजस्वी होणें. तें पाहून कित्येकांस गंमत वाटते. हें न्यूट्रल तुटल्याचें किंवा तुटत आल्याचें चिन्ह आहे. तीन फेजच्या जोडणींत दोन फेजांमध्यें ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि न्यूट्रल शाबूत आहे म्हणूनच प्रत्येकीच्या वांट्यास २३० व्होल्ट येतात. ती परतीची वाट तुटली कीं हा दाब भाराप्रमाणें विषम वांटला जातो. जेथें भार थोडा तेथें दाब जास्त. मग दूरदर्शन, फ्रिज, संगणक हीं एका मिनिटांत जळतात. अशा वेळीं प्रथम मेन स्विच बंद करावा, मग शेजाऱ्यांकडे विचारावें. त्यांच्याकडेहि तसेंच असेल तर दोष रस्त्यावरील तारेंत आहे, वीजकंपनीस ताबडतोब कळवावें. फक्त आपल्याकडे असेल तर मीटर ते मेन या टप्प्यांत आहे. मीटरच्या सीलास व खांबावरील तारेस घरांतील कोणींहि हात लावूं नये, मग तो इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षास कां असेना.

मंदउजेडाचें चक्र असलेल्या खोल्यांविषयीं थोडेंच सांगावयाचें आहे. तें चक्र जुन्या बल्बासाठीं बनविलेलें असतें, विजेच्या प्रत्येक लाटेचा तुकडा कापून तें उजेड कमी करतें, व नीट चालण्यास त्याला जो किमान भार हवा तो ९ वॉटच्या दिव्यानें पुरा होत नाहीं. वेष्टनावर 'डिमेबल' असें लिहिलेला दिवा व त्यास साजेसें चक्र घ्यावें, किंवा चक्र काढून साधें बटन बसवावें. तसेंच इन्व्हर्टरवर असतांनाच दिवे थरथरत असतील आणि वीज येतांच स्थिर होत असतील, तर दिवे व तारा यांस सोडून इन्व्हर्टर व त्याची बॅटरी यांची तपासणी करावी.

डोळ्यांस न दिसणारें लुकलुकणें हा निराळाच विषय आहे, आणि अभ्यास करणारीं मुलें असलेल्या घरांत तो महत्त्वाचा आहे. ज्या दिव्यांत कपॅसिटर अपुरा असतो, तो सेकंदास १०० वेळां मंदावतो. डोळ्यांस उजेड स्थिरच भासतो, पण मेंदूस तो शीण जाणवतो. इंग्लंडांत ए. जे. विल्किन्स व त्यांचे सहकारी यांनीं १९८९ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, कचेरींतील असे १०० वेळां स्पंदणारे नळदिवे बदलून अतिशीघ्र गतीच्या बॅलास्टचे दिवे लावल्यावर डोकेदुखी व डोळ्यांचा शीण यांचें सरासरी प्रमाण निम्म्याहून खालीं आलेलें आढळलें. तो अभ्यास नळदिव्यांचा होता. पण स्पंदनाची गति तीच असल्यामुळें आपल्या दिव्यांसहि तो धडा लागू पडतो. अर्थात् घरांतील प्रत्येक डोकेदुखीचें खापर दिव्यावर फोडावें असें आमचें म्हणणें नाहीं. चष्म्याचा नंबर प्रथम पहावा.

परीक्षा सोपी आहे. रात्रीं खोलींत तेवढाच दिवा ठेवून, पाठीमागें काळोख राहील असें उभें राहावें व एक पेन्सिल हातांत धरून डावीउजवीकडे जोरानें हलवावी. सलग धूसर पट्टा दिसला तर दिवा चांगला. पंख्याच्या पात्यांप्रमाणें सुट्यासुट्या अनेक पेन्सिली दिसल्या तर तो दिवा अभ्यासाच्या मेजावरून व शिवणयंत्रावरून काढून जिन्यांत किंवा कोठीच्या खोलींत लावावा. शिवणयंत्राचें नांव आम्ही मुद्दाम घेतलें, कारण अशा उजेडांत वेगानें चालणारी सुई किंवा फिरणारें चाक कधीं कधीं स्थिर असल्याचा भास होतो, आणि बोट पुढें जातें. फोनचा कॅमेरा दिव्यावर धरल्यास काळे पट्टे सरकतांना दिसतात हें खरें, पण कांहीं फोन ते पट्टे आपण होऊन पुसून टाकतात. पेन्सिल असली लबाडी करीत नाहीं.

नवा दिवा घेतांना वेष्टनावर आय. एस. १६१०२ हा मानकाचा क्रमांक व 'आर' अक्षरानें आरंभ होणारा नोंदणीक्रमांक पहावा. 'फ्लिकर-फ्री' हे शब्द छापावयास शाईपलीकडे खर्च येत नाहीं, म्हणून शक्य तर दुकानांतच दिवा लावून पेन्सिलीची परीक्षा घ्यावी. दुकानदार हंसला तर हंसूं द्यावा. बहुतेक चांगल्या दिव्यांस कंपनी एकदोन वर्षांची हमी देते, परंतु दिवा बिघडतो त्या दिवशीं पावती सांपडत नाहीं. लोणच्याच्या बरणीवर घातल्याची तिथि लिहून ठेवण्याची रीत ज्या घरांत आहे, तेथें दिव्याच्या बुडख्यावर लावल्याची तारीख शाईनें लिहून ठेवणें अवघड जाऊं नये. पावत्या मीटरच्या पेटीशेजारीं एका पाकिटांत ठेवाव्यात.

पंख्याच्या घरघरीविषयीं तीन वाचकांचीं पत्रें आलेलीं आहेत. त्यांचा परामर्श पुढील अंकीं घेऊं.